चीनमधल्या लिजियांगला पोहोचल्या दिवशीच यूलोंग हिमपर्वतावर (पर्यटकांना जाता येतं तो सर्वांत उंच टप्पा ४,६८० मीटर) जावं का?

नको, लिजियांगमध्ये (सुमारे २,४०० मीटर) निदान दोन रात्री काढून मग जा. मोठा रोपवे ३,३५६ मीटरवरून थेट ४,५०६ मीटरवर नेऊन सोडतो. तिथे ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के, आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. खरी दमछाक पुढच्या १७४ मीटर उंचीच्या पायऱ्यांवर होते: दहा-पंधरा चढा, कठडा धरून थांबा, श्वास बसला की पुन्हा. ऑक्सिजनचा डबा घटकाभर बरं वाटायला ठीक, उंचीमुळे होणारा आजार तो रोखत नाही. डोकेदुखीसोबत ओकारी आली किंवा तोल जायला लागला तर फोटोबिटो राहू द्या, लगेच खाली उतरा. शांग्रिला शहरात (सुमारे ३,२०० मीटर) दोन-तीन दिवस राहून येत असाल, तर मात्र दुसऱ्या दिवशी जायला हरकत नाही.