जुन्या क्रोएशियन साहित्यात तुर्कांचा एवढा द्वेष का दिसतो?

द्वेष म्हणण्याआधी भीती म्हणा हो. मी जहाजावर इंजिनिअर होतो, एकदा आमचं जहाज दुरुस्तीला क्रोएशियातल्या स्प्लिट बंदरात तीन आठवडे अडकलं तेव्हा रोज संध्याकाळी गावात भटकायचो. तिथे एका चौकात स्प्लिटचा जुना कवी मार्को मारुलिच याचा पुतळा आहे, हातात पुस्तक घेतलेला. शेजारच्या कॅफेत एक म्हातारे बसायचे, त्यांनी मला मारुलिचची 'तुर्कांविरुद्ध प्रार्थना' ही कविता दाखवली. भाषा मला शून्य कळत होती, पण त्यांनी ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून बोट खाली नेत नेत लॅटिन वाक्य वाचलं आणि मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला: शत्रू तुर्कांच्या जाचातून फक्त देवच आम्हाला सोडवू शकतो. माझ्या अंगावर काटा आला.

हे सगळं घरी दिवाळीत जेवताना सांगितलं तर आमचे मेव्हणे, निवृत्त मास्तर, म्हणतात, "अहो, त्याचं गाजलेलं काव्य 'युदिता' तर बायबलमधली गोष्ट, वेढा घालणाऱ्या सेनापतीला मारणाऱ्या बाईची, त्यात तुर्क कुठेत?" सगळे हसले. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देतो. युदिता लिहून झाली 1501 मध्ये, छापली 1521 मध्ये व्हेनिसला. त्याआधी 1493 मध्ये क्रबावाच्या मैदानावर तुर्कांपुढे क्रोएशियन सरदारांचा धुव्वा उडाला होता आणि तुर्कांच्या धाडी स्प्लिटच्या आसपास पोचत होत्या. वेढ्यात सापडलेलं गाव आणि परका सेनापती, हे वाचून स्प्लिटच्या माणसाला कोण आठवणार? स्प्लिटच्या डोक्यावरचा क्लिसचा किल्ला तर 1537 मध्ये तुर्कांच्या हाती पडलाच, मारुलिच 1524 मध्येच वारला म्हणून त्याला ते बघावं लागलं नाही. मेव्हण्यांना वेढ्याचं सांगायचं म्हणजे पन्हाळ्याचं उदाहरण द्यावं लागेल, तरी ऐकतील की नाही शंकाच आहे.

बाकी झोरानिच या लेखकाच्या 'प्लानिने' या पुस्तकात पूर्वेकडून लांडगे येतात, म्हणजे तुर्कच, कार्नारुतिच या कवीने तुर्कांनी 1566 मध्ये सिगेतच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यावर काव्य लिहिलं, ते तुम्ही शोधून वाचा.

हां, एक राहिलं. सगळं एकसुरी नाहीये. दुब्रोव्निक हे किनाऱ्यावरचं शहर तुर्कांच्या सुलतानाला खंडणी भरून सुखात व्यापार करत होतं, आणि तिथल्याच गुंडुलिच या कवीने 'ओस्मान' हे काव्य लिहिलं. त्यात तुर्कांशी लढणाऱ्या पोलंडची बाजू घेतलीय, पण 1622 मध्ये स्वतःच्याच सैनिकांनी मारलेल्या कोवळ्या सुलतान ओस्मानबद्दल त्याला कणव वाटते असं मला तरी वाटलं. मीही भाषांतरच वाचलंय, तेही तुकड्या-तुकड्यात. मेव्हण्यांनी तेवढंही वाचलेलं नाही.