बी.ए.ला इतिहास आणि मानसशास्त्र एकत्र घेतलं तर चालेल का?

बिनधास्त घ्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणानुसार एक विषय मेजर (मुख्य), दुसरा मायनर (दुय्यम) ठेवता येतो. फक्त तुमच्या कॉलेजात ही जोडी वेळापत्रकात बसते का, ते प्रवेशाआधीच विचारून घ्या. पुढे समुपदेशनात जायचं असेल तर मेजर मानसशास्त्रच ठेवा. त्यात संख्याशास्त्रही येतं, त्याची तयारी हवी.

दोन्ही विषय भेटतात कुठे? पहिल्या महायुद्धात खंदकातून परतलेल्या कित्येक सैनिकांचे हात थरथरायचे, वाचा जायची, अंगावर मात्र जखम नसायची. ब्रिटिश डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५मध्ये वैद्यकीय लेखात त्याला ‘शेल शॉक’ म्हटलं. तरीही अशा काहींना भित्रे ठरवून गोळ्या घातल्या गेल्या! हा अन्याय नीट समजायला लष्करी खटल्यांचे कागदही वाचता यायला हवेत आणि मनाचे आघातही.