टाळी दुसऱ्या मात्रेवर

या सदराकडे एरवी पेटीचे सूर, रियाजाची वेळ, लहान मुलांचा गळा असले प्रश्न येतात. गेल्या अंकात गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या ख्रिस्ती लोकांचं भक्तिसंगीत, गाणाऱ्या महालिया जॅक्सन या अमेरिकन गायिकेचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा रोखच बदलला. मी नगरला चर्चचा गायकवृंद बसवते, त्यामुळे विषय माझ्या आवडीचा. संपादकांनी जागा दिली आहे तोवर लिहून घेते.

ताई, आमच्या मंडळीतल्या तरुणांना ड्रम आणि टाळ्यांसह गॉस्पेल गायचं आहे. ज्येष्ठ म्हणतात, हा धांगडधिंगा शास्त्राला धरून नाही. बायबलमध्ये याला आधार आहे का?
– एक वाचिका, सोलापूर

आधारच दाखवायचा तर स्तोत्रसंहितेतलं दीडशेवं, म्हणजे शेवटचं स्तोत्र उघडून ठेवा. शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, मोठ्यानं वाजणाऱ्या झांजा, सगळं आहे, नृत्यसुद्धा आहे. अमेरिकेतल्या ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या काळ्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या उत्कट अनुभवावर भर देणाऱ्या, पंथानं हे स्तोत्र शब्दशः घेतलं आणि ड्रम, खंजिरी, गिटार उपासनेत आणली.

पण एवढ्यानं वाद जिंकाल, गॉस्पेल हाती लागणार नाही. त्यासाठी कुणी कोणती पानं उघडली आणि कोणती मिटली ते पाहावं लागतं. इंग्रजांच्या वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये बायबलची एक खास निवड छापली गेली. मोशेनं आपल्या लोकांना मिसर देशातल्या गुलामगिरीतून सोडवून नेलं ती कथाच तिच्यातून वगळली होती. ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ हे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या पत्रातलं वचन मात्र शाबूत होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा छपाईची तसदीही फारशी घ्यावी लागली नाही. तिथे बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, आणि प्रवचनाला कोणतं वचन घ्यायचं ते मालकाची मर्जी पाहून ठरे.

तरी मोशे त्यांच्यापर्यंत पोचलाच. मळ्यांमागच्या झाडीत, अंधार पडल्यावर हे लोक लपून जमत आणि गात. मिसरचा राजा फारो म्हणजे आपला मालक, हे सांगावं लागत नसे. यार्देन नदीपलीकडचा देश म्हणजे कधी स्वर्ग, कधी गुलामगिरी नसलेली उत्तरेकडची राज्यं. सिंहांच्या गुहेतला दानिएल, यरीहोचा तट पाडणारा यहोशवा, एलीयाला न्यायला आलेला अग्निरथ, ही त्यांची माणसं, त्यांच्या गोष्टी. स्वतः गुलामगिरीतून पळालेली हॅरिएट टबमन रातोरात गुलामांना पळवून नेई तेव्हा वाट मोकळी आहे की धोका आहे, हे ती याच गीतांमधून कळवत असे. पुढे ज्याला गॉस्पेल म्हणू लागले त्याचं बी इथलं.

हॉवर्ड थर्मन नावाचे मोठे काळे धर्मचिंतक होऊन गेले. त्यांच्या आजीचा जन्म गुलामगिरीतला; तिला वाचता येत नसे, म्हणून लहानग्या हॉवर्डनं तिला बायबल वाचून दाखवायचं. ती स्तोत्रं ऐके, यशया संदेष्ट्याचा ग्रंथ ऐके, येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं ऐके. पौलाची पत्रं नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय तेवढा चाले. कारण विचारल्यावर तिनं सांगितलं, की मालकाचा पाद्री फिरून फिरून त्या ‘दासांनो’वरच बोलायचा, तेव्हाच तिनं देवाला शब्द दिला होता, कधी सुटका झाली आणि वाचता आलं तर तो भाग वाचणार नाही.

गंमत म्हणजे गॉस्पेलमध्ये पौल आहे, आणि चांगला ठळक आहे. तो पत्रं लिहिणारा पौल नव्हे. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय सोळा: फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्र, आणि पौल नि त्याचा सोबती सीला गाताहेत. मग भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या सुटतात. १९६०च्या दशकात दक्षिणेत नागरी हक्कांसाठी तुरुंगात गेलेल्यांनी हीच गोष्ट कोठडीत गायली. गॉस्पेलचा शास्त्राधार मी शोधते तो थर्मन यांच्या आजीसारख्यांनी केलेल्या अशा निवडीत. झांजा मोजत बसत नाही.

राहता राहिले तुमचे ज्येष्ठ. ते नारायण वामन टिळकांची भजनं टाळ वाजवून गातच असतील. टाळाला हरकत नाही तर ड्रमला का, एवढं नम्रपणे विचारा. मात्र पत्र्याच्या छताखाली ड्रम जरा बेतानं वाजवा. ती तक्रार असेल तर मी ज्येष्ठांच्या बाजूची.

मी गिटार वाजवतो. ब्लूजमधले सूर आणि गॉस्पेलमधले सूर एकच वाटतात. कुणी कुणाचं घेतलं?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

तुझा कान बरोबर आहे. दोन्हींकडे कोमल गंधार आणि कोमल निषाद, तेही स्वराच्या घरात नीट न बसता शुद्ध-कोमलच्या मधे रेंगाळणारे. दोन्ही अमेरिकेतल्या त्याच काळ्या लोकांच्या गळ्यातले; शनिवारी रात्री ब्लूजचं ऐहिक गाणं, रविवारी सकाळी गॉस्पेल. पण या दोघांचं लग्न लावून दिलं असं कुणाचं नाव घ्यायचं तर ते थॉमस डॉर्सीचं.

जन्म १८९९, जॉर्जिया राज्यात, वडील धर्मोपदेशक. मुलगा मात्र ‘जॉर्जिया टॉम’ नावानं ब्लूजचा पियानो वाजवू लागला, मा रेनी या ब्लूजच्या थोर गायिकेच्या साथीला राहिला. चावट, द्व्यर्थी गाण्यांवर त्यानं बरा पैसाही मिळवला. मग तो शिकागोत चर्चसाठी गाणी रचू लागला, त्याच बोटांनी. तिथल्या प्रतिष्ठित काळ्या चर्चांना ते रुचेना. दक्षिणेतून रोजगारासाठी लोंढेच्या लोंढे शिकागोत येत होते. त्यांचं हुंकारणं, डोलणं, टाळ्या या जुन्या शहरी मंडळींना गावंढळ वाटे. त्यांच्या गायकवृंदांना हँडेलसारख्या युरोपीय रचनाकाराचं संगीत हवं होतं. ही धर्माची अडचण कमी आणि इभ्रतीची जास्त, असं माझं मत.

ऑगस्ट १९३२मध्ये डॉर्सी सेंट लुईसला कार्यक्रमासाठी गेला असताना घरी बायको नेटी बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही गेलं. त्या दिवसांत तो पियानोशी बसला आणि ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत झालं. चाल एका जुन्या स्तोत्राची. शब्द त्याचे आणि सुरांना दिलेला बाकही त्याचाच. पुढे शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चचा गायकवृंद त्यानं अनेक दशकं चालवला. त्याच्या गाण्यांच्या छापील प्रती खपाव्यात म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून ती गाऊन दाखवणारी तरुणी म्हणजे महालिया जॅक्सन. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसच्या मोटेलच्या सज्जातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या वादकाला सांगितलं, की आज रात्रीच्या सभेत ‘प्रेशस लॉर्ड’ वाजव. काही क्षणांत गोळी लागली. अंत्यविधीत ते गायलं महालियानं.

तू गिटारवाला, तेव्हा सिस्टर रोझेटा थार्प पाहिल्याशिवाय राहू नकोस. पाहिल्याशिवाय म्हणते, कारण १९६४मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर, पावसानं ओल्या फलाटावर ती इलेक्ट्रिक गिटार घेऊन गायली त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. १९३८मध्ये ही बाई गॉस्पेल घेऊन नाइटक्लबात गेली तेव्हा चर्चवाल्यांच्या भुवया उंचावल्या. रॉक अँड रोलवाल्यांनी तिचं ऋण मानून २०१८मध्ये तिला आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं. तिला जाऊन तोवर चाळीसहून अधिक वर्षं झाली होती.

‘अमेझिंग ग्रेस’ हे गुलामांनी रचलेलं गॉस्पेल आहे ना?
– एक वाचक, पुणे

नाही. रचणारा जॉन न्यूटन गोरा इंग्रज, आणि चक्क गुलामांच्या जहाजाचा कप्तान राहिलेला. मात्र ते त्यानं वादळात, जहाजावर लिहिलं ही दंतकथा. वादळानंतरही तो काही वर्षं त्याच धंद्यात होता. गीत झालं १७७३च्या पहिल्या दिवशीच्या प्रवचनासाठी, ओल्नी गावात. तेव्हा तो पाद्री होता. दावीद राजाचा ‘मी कोण, की तू मला इथवर आणलंस’ हा उद्गार, बायबलमधल्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथाचा सतरावा अध्याय, हा त्याचा विषय. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानं उघडपणे लिहिलं ते १७८८मध्ये. काळ्या मंडळींनी त्या गीताचं काय केलं ते अरीथा फ्रँकलिन या गायिकेकडून ऐका, १९७२च्या ध्वनिमुद्रणात. दहा मिनिटांहून जास्त चालतं. वेळ काढूनच बसा.

आपल्याकडे याचे काही धागेदोरे?
– एक वाचक, दौंड

तुमच्या शेजारीच आहे की! केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुलींची मोठ्यानं, रडत, रात्रभर चालणारी प्रार्थनेची लाट उठली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर विल्यम सिमोर या काळ्या उपदेशकाच्या सभांमध्ये तसंच घडलं, आणि गॉस्पेलचा पेंटेकोस्टल ताल तिथून पसरला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे केडगावला वगळून पुढे जात नाहीत. शिवाय जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना. आणि महालिया १९७१मध्ये भारतात आली तेव्हा मुंबईतही गायली होती. त्या मैफलीला हजर असलेलं कुणी हे वाचत असेल तर मला जरूर लिहा.

ऑफिसातल्या काळ्या मैत्रिणीनं ईस्टरला तिच्या चर्चमध्ये बोलावलंय. आम्ही गणपती बसवणारे. जावं का? तिथे वागावं कसं?
– एक वाचिका, न्यू जर्सी

अवश्य जा. कपडे लग्नाला जातो तसे घाला. ईस्टरला तिथल्या बायकांच्या हॅट बघण्यासारख्या असतात. चांगलं खाऊन निघा, दोन तास सहज होतात.

टाळी मात्र सांभाळा. आपला हात सवयीनं समेवर पडतो. तिथे चार मात्रांत दुसरीवर आणि चौथीवर पडते. चुकलात तर शेजारीण हसून तुमच्याकडे बघेल, तिचे हात पाहून धरा. कीर्तनात बुवांनी चरण अर्धा सोडला की मागचे टाळकरी तो उचलतात, तसंच तिथे उपदेशक आणि मंडळींचं चालतं. ‘आमेन’, ‘येस’ अशा हाका येत राहतील; गप्प बसलेली मंडळी म्हणजे उपदेशकाला प्रवचन पडल्याची खूण. म्हणावंसं वाटलं तर म्हणा, सक्ती नाही. कुणी रडू लागलं, उठून नाचू लागलं तर टक लावू नका आणि मोबाइल तर काढूच नका. पांढऱ्या पोशाखातल्या स्वयंसेविका त्यांना सांभाळायला असतात, त्यांच्याकडे पंखे असतात, रुमाल असतात.

नव्या पाहुण्यांना बहुतेक ठिकाणी उभं राहायला सांगतात. लाजू नका, उभ्या राहा, नाव सांगा. दानाचं ताट फिरेल तेव्हा जमेल ते ठेवा. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस आला तर तुम्ही घेतला नाही म्हणून कुणी वाईट वाटून घेत नाही, ताट पुढे द्या. आणि मैत्रिणीच्या आईनं जेवायला थांब म्हटलं तर थांबा. मॅकरोनी चीज कसं झालं होतं तेही कळवा.