रिमोट स्टार्टर बसवलेली गाडी सेल घेत नाहीये? सेल्फ मोटर काढायच्या आधी ती कापलेली वायर शोधा

तुमचं वर्णन दोनदा वाचलं. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, मार्चमध्ये उन्हाळ्यासाठी म्हणून बाहेरून रिमोट स्टार्टर (लांबून बटण दाबून इंजिन चालू करणारा बॉक्स) बसवून घेतलात, आणि गेल्या आठवड्यातल्या पावसानंतर रिमोट दाबला की पार्किंग लाइट पाच वेळा लुकलुकतात आणि पुढे काहीच नाही, चावीने मारलं तर कधी पहिल्या फटक्यात चालू होते तर कधी नुसती एक टिक वाजून गप्प. बॅटरी नवीन टाकून झाली, आता मेकॅनिक म्हणतोय सेल्फ मोटर काढू, आणि वहिनींना रोज सकाळी साडेसहाला धायरीहून शाळेसाठी निघायचं असतं. सेल्फ मोटरला अजून हात लावू देऊ नका.

मेकॅनिक म्हणाला ना, की चावीने पण चालू होत नाही म्हणजे रिमोटचा काही संबंध नाही, तिथेच गडबड आहे. माझ्या गाडीला असंच झालं तेव्हा मी पण हेच समजून आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ उतरवून बुश बदलून घेतले, आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी परत वारजे पुलाखाली बंद. हे बॉक्स बसवताना इग्निशन स्विचकडून सेल्फकडे जाणारी वायर बहुतेक वेळा मधोमध कापतात आणि त्या दोन टोकांच्या मध्ये एक रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच) घालतात. कारण दोन: चोराने नुसती चावी फिरवून सेल मारू नये, आणि इंजिन चालू असताना तुम्ही चुकून परत चावी फिरवलीत तर सेल्फचं दात्याचं चाक फिरत्या फ्लायव्हीलवर (इंजिनच्या मोठ्या चाकावर) घासू नये. म्हणजे तुमच्या चावीचा करंट पण त्याच बॉक्सच्या रिलेतून जातो. तो रिले किंवा त्याचा जॉइंट गेला की चावी पण गेली.

आता तपासायचं कसं. आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, आणि बॉक्स व्हॅले मोडवर टाका (डॅशबोर्डखाली छोटं बटण असतं, मोड लागला की बहुतेक मॉडेलवर एलईडी एकसारखा पेटून राहतो), म्हणजे तुमचे हात बोनेटखाली असताना घरातून कुणी रिमोट दाबला तरी सेल बसणार नाही. हे विसरू नका, पंख्यात आणि बेल्टमध्ये बोटं जातात.

मग मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. आता घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि आकड्याकडे बघत रहा. आकडा ९.५ च्या खाली कोसळला आणि टकटकटक आवाज आला तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं, पण तुमची बॅटरी नवीन आहे तेव्हा आधी टर्मिनल हाताने हलवून बघा, नवीन बॅटरी बसवताना नट अर्धवट आवळून सोडलेले मी खूप वेळा बघितलेत. आकडा १० वगैरेला आला आणि एक जड ठक झाली तर सेल्फ अडकतोय, तेव्हा मेकॅनिक बरोबर. पण आकडा जवळजवळ हललाच नाही, १२.५ चा १२.४ झाला आणि डॅशबोर्डखालून बारीक टिक आली, तर सेल्फने बॅटरीकडे काही मागितलंच नाही, त्याच्यापर्यंत निरोपच पोचला नाही. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय. ती टिक कुठून येते ते कान लावून ऐका, बोनेटमधून का पायापाशी, यावर बरंच ठरतं.

खात्री करायला टेस्ट लॅम्प (एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला टोचणी असलेला छोटा दिवा) घ्या. सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला चिकटलेला, त्याला चालू करणारा छोटा नळकांडीसारखा भाग) एक जाड केबल असते आणि एक बारीक वायर. लॅम्पची क्लिप चांगल्या अर्थिंगला लावून टोक त्या बारीक वायरच्या कपलरला टेकवा आणि चावी फिरवायला सांगा. लॅम्प लख्ख पेटला आणि सेल्फ तरी फिरला नाही तर दोष सेल्फचा, किंवा इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थिंगच्या पट्टीचा. लॅम्प पेटलाच नाही किंवा मिणमिणला तर वर कुठेतरी तुटलंय. गाडी चालू होते तेव्हा ही टेस्ट करून काही उपयोग नाही, ती हट्टाला पेटली असेल तेव्हाच करा.

अजून एक सोपी खूण. सपाट रस्त्यावर दोघांनी धक्का मारून सेकंड गिअरमध्ये गाडी चालू झाली आणि नंतर नीट चालत राहिली, तर पेट्रोल, स्पार्क आणि इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) सगळं ठीक आहे, बिघाड फक्त सेल मारायच्या बाजूला आहे, म्हणजे बॅटरी, सेल्फ किंवा त्याच्या वायरीत. इमोबिलायझरचा घोळ बहुतेक गाड्यांत वेगळा दिसतो, तिथे गाडी सेल घेते पण पकडत नाही, किंवा चालू होऊन एक-दोन सेकंदात बंद पडते आणि मीटरमध्ये चावीचं चिन्ह लुकलुकतं. बाय द वे, बसवताना तुमची दुसरी चावी मागून घेतली होती का? काही जण तिची चिप कॉइलमध्ये गुंडाळून डॅशबोर्डच्या आत ठेवून देतात म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं चावी गाडीतच आहे. तसं असेल तर तुमच्या इमोबिलायझरचा अर्धा अर्थ गेलाय, हे माहीत असू द्या.

ते पाच ब्लिंक म्हणजे बॉक्स नकाराचं कारण सांगतोय. प्रत्येक ब्रँडचा कोड वेगळा, त्यामुळे पाच म्हणजे काय ते त्याच्या पुस्तिकेतच बघा, पण कारणं ठरलेली असतात: बोनेट उघडं, ब्रेक दाबलेला, दार उघडं, हँडब्रेक नाही, टॅकोची वायर आरपीएम (इंजिन किती फिरतंय तो आकडा) देत नाही. पावसानंतर सुरू झालंय म्हणून मी पहिला हात बोनेटच्या पिन स्विचला लावेन. फेंडरच्या कडेला प्लंजरवाला छोटा स्विच असतो, तो गंजला किंवा चिखलाने अडकला की बॉक्सला वाटतं बोनेट उघडंच आहे. आणि मॅन्युअल गाडीत रिझर्वेशन केल्याशिवाय रिमोट चालूच होत नाही, म्हणजे इंजिन चालू ठेवून, न्यूट्रल, हँडब्रेक, उतरायचं, दारं लावायची आणि मग बाहेरून रिमोटने बंद. मध्ये कुणी दार उघडलं की ते रिझर्वेशन रद्द. वहिनी पर्स घ्यायला परत दार उघडत असतील तर तेवढंही पुरे आहे.

आता माझ्या गाडीत काय सापडलं ते सांगतो. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं आणि आत काळ्या टेपचा एक लांबलचक गोळा. टेपचा गोंद उन्हाने वितळून पातळ झालेला, बोटाला चिकटत होता, टेप ओढली तर वायरीवरून सरकत आली. सेल्फच्या वायरीची दोन टोकं नुसती एकमेकांना पीळ देऊन जोडलेली, सोल्डर नाही, क्रिंप नाही, तांबं हिरवं-काळं पडलेलं आणि तारांपैकी धड पाच-सहाच उरलेल्या. बॉक्सचं अर्थिंग एका रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूने मारलेलं, रंग खरवडलेला नव्हता, आणि पायातल्या मॅटखालचा फोम पावसाने ओला. अर्थिंग असं अर्धवट मिळत असलं की रिले नीट ओढतच नाही, कधी बसतो कधी नुसती टिक देतो. रिमोटचा नकार आणि चावीचा लहरीपणा दोन्ही त्या एका स्क्रूमुळे होते, तुमच्याकडेही दोन वेगळे आजार एकदम झाले असतील असं मला वाटत नाही.

तुम्ही उघडणार असाल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि पिवळ्या आवरणाच्या वायरी-कपलरना टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, ती एअरबॅगची लाइन आहे. नुसता बॉक्सचा फ्यूज काढून 'बघू चालते का' करू नका, कारण रिलेची जोडणी उलटी असेल तर फ्यूज काढल्यावर चावी कायमचीच तुटते आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. कापलेल्या वायरीची दोन टोकं शोधून तात्पुरती सरळ जोडा. आठवडाभर चावीने एकदाही चुकली नाही तर गुन्हेगार सापडला.

कायमचं करायचं तर पुण्यातल्या नाना पेठेतून बेससकट १२ व्होल्टचा पाच पिनांचा चांगला रिले आणा आणि वायरमनला सांगा, चावीची वायर ३० वर आणि सेल्फची ८७ ए वर. ८७ ए हा करंट नसताना जोडलेला कॉन्टॅक्ट असतो, म्हणजे उद्या बॉक्स मेला तरी चावीने गाडी चालू होईल. जॉइंट सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घालायला लावा, समोर उभे राहून. अर्थिंग उघड्या पत्र्यावर, रंग खरवडून.

आणि एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतोय. क्लच दाबल्याशिवाय तुमची गाडी चावीने सेल घेते का ते बघा. कंपनीतून तशी नसेल आणि आता घेत असेल, तर बसवणाऱ्याने क्लच स्विच शॉर्ट केलाय. आमच्या सोसायटीत अशीच एक गाडी फर्स्ट गिअरमध्ये होती, मुलाने गाणी लावायला म्हणून चावी फिरवली आणि गाडी उडी मारून समोरच्या खांबाला. मध्ये कुणी नव्हतं. तुमच्या घरात लहान मूल असेल तर तो शॉर्ट आजच काढा, मग रिमोट स्टार्ट बंद झाला तरी चालेल. बंद बेसमेंटमध्ये तर रिमोटने गाडी चालू ठेवूच नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि रस्त्यावर उभी असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं की सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा.

शनिवारी उजेडात करा. चावी फिरवल्यावर मीटरचा आकडा कितीवर आला आणि सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर लॅम्प पेटला की नाही, एवढं कळवा, त्यावरून पुढचं सांगतो. तोपर्यंत वहिनींसाठी गाडी थोड्या उतारावर, तोंड उताराकडे करून, मागच्या चाकांच्या पुढे दगड लावून उभी करता आली तर बघा, म्हणजे सेल नाही घेतला तर उतारावरून सेकंड गिअरमध्ये चालू करता येईल.