दार उघडायला वेळ लागतो, थांबा

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची काळजी घेण्याच्या या कामात तुम्ही नव्याने आला आहात, म्हणून आधी एवढंच: बेल एकदाच वाजवा. आतून काठीची टकटक येईल, मग फरपटत येणारी चप्पल, मग कडी. दोन-तीन मिनिटं सहज जातात. पुन्हा वाजवलीत तर आजी घाई करतात, आणि तोल जातो तो घाईतच.

65 वर्षांवरच्या दर 3 जणांपैकी जवळपास 1 जण वर्षातून एकदा तरी पडतो. पण ‘पडले’ असं बहुतेक जण सांगत नाहीत. एकटं राहणं बंद करतील ही धास्ती असते. त्यामुळे विचारण्याआधी बघा. मनगटावर नवा काळानिळा डाग आहे का? चालताना भिंतीचा आधार घेताहेत का? पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा असतो का? फोन जमिनीवरून हाताला लागेल असा ठेवला आहे का? हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पडल्यावर तासन्‌तास तसंच पडून राहणं जिवावर बेतू शकतं.

काल नीट बोलणारे आजोबा आज अचानक गोंधळले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा औषधांमुळेही तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणि हो, भाजी चिरायला आजी बसल्या असतील तर विळी हातातून घेऊ नका. शेजारी बसून शेंगा सोला.