रेट्रोव्हायरस (आपली जनुकं आरएनएवर वाहणारे विषाणू) स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन बनवणं थांबवायची आरएनएवरची खूण, ओलांडून पुढे कसे जातात? त्यात आरएनएच्या घडीचं काय काम?

नेमक्या याच प्रश्नावर 2008 साली एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत माझे मार्क गेलेत, म्हणून लिहितोय.

आमच्या घरात कोल्हापुरी चपला होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आबांकडची एक लांब वादी घेऊन मी मोलोनी मुरीन ल्युकेमिया व्हायरस या उंदरातल्या रेट्रोव्हायरसचा स्यूडोनॉट, म्हणजे आरएनएच्या घडीची गाठ, बांधला. लाल शाईनं यूएजी या स्टॉप कोडॉनची खूण केली, पुढे आठ बेसचे (आरएनएच्या अक्षरांचे) आठ ठिपके, मग वादी दुमडून फास केला आणि पुढचं मोकळं टोक मागे आणून त्या फासाशीच विणलं. आबा म्हणाले, "वेणी बरी हाय, पन लई वडू नगंस, वादी तुटंल."

बाहेरून आलेल्या सरांचं एकच म्हणणं, स्टॉप आला की प्रथिनाची साखळी सुटते. मी सांगितलं, यूएजीवर साखळी सोडवणारा रिलीज फॅक्टर आणि ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आणणारा टीआरएनए यांची चढाओढ असते. पुढची ही गाठ पारडं थोडं टीआरएनएकडे झुकवते, आणि शंभरातले साधारण पाच रायबोसोम (पेशीतली प्रथिन बनवणारी यंत्रं) तिथं ग्लुटामिन बसवून गॅग या जनुकातून थेट पुढच्या पोल जनुकात जातात. तिथं ग्लुटामिन बसतं हे 1985 सालीच दाखवलं गेलंय. सरांनी वादी हातानं बाजूला सारली. "अपवाद पाठ करून येत जाऊ नका."

अपवाद कसला? विषाणूचा सगळा संसार त्या पाच टक्क्यांवर चालतो. विषाणूचा कण बांधायला गॅगचं प्रथिन ढिगानं लागतं, पोलमधून मिळणारं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) थोडंसंच. गाठ मोडली तर पोल मिळत नाही, आणि दर वेळी यूएजी ओलांडला गेला तर कणच नीट बांधला जात नाही. 2011 साली तर हेही कळलं, की ही गाठ दोन रूपांत असते, एका प्रोटॉनवर रूप पालटतं आणि त्यातलं एकच रूप रायबोसोमला पुढे जाऊ देतं. तो पेपर मी त्याच आठवड्यात राजारामपुरीत प्रिंट करून घेतला, सरांना दाखवायचा म्हणून. अजून फाईलमध्ये आहे.

हो, सगळे रेट्रोव्हायरस असं करत नाहीत. एचआयव्हीत थोडे रायबोसोम एक बेस मागे घसरतात, त्यामुळे वाचनाची चौकट बदलते आणि गॅगचा स्टॉप त्यांना लागतच नाही. तिथंही पुढे आरएनएची घडी असतेच.

तुम्ही परीक्षेला बसणार असाल तर "स्टॉप कोडॉनवर नेहमी" असं लिहू नका. परीक्षक अडून बसले तरी माघार घेऊ नका. मला शंभरात 41 मिळाले, आणि माझं उत्तर बरोबर होतं.