ऑगस्टमध्ये आई-बाबा आणि मुलीला घेऊन केनियाला सफारीला जायचंय, सेफ आहे का आणि प्लॅनिंग कसं करू?

सेफ आहे, या. पण तुम्ही ज्याची भीती लिहिलीय ते सिंह-बिंह यादीत फार खाली येतात. मी नोकरीमुळे नैरोबीत राहतो, पार्कलँड्स भागात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे चालूच असतात, त्यामुळे लोकांचं नेमकं कुठे अडतं ते बऱ्यापैकी डोळ्यासमोर आहे. तुम्ही म्हणताय तुम्ही दोघं, १० वर्षांची लेक, आई आणि ६६ वर्षांचे बाबा, आणि एजंटने ६ दिवसांत ४ पार्कचं पॅकेज दिलंय. तर आधी बाबांचं बघू, कारण तिकीट काढायच्या आधी तेच सुटायला पाहिजे.

यलो फीवरची लस. केनियाहून भारतात परत येताना पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये टाकू शकतात. म्हणजे केनियात शिरताना नाही, घरी येताना अडकाल, आणि हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. लस फक्त सरकारमान्य ठराविक केंद्रांवर मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि कार्ड लस घेतल्यावर १० दिवसांनी व्हॅलिड होतं, पुढे आयुष्यभर चालतं. आता अडचण अशी की साठीच्या पुढे ही लस डॉक्टर सहजासहजी देत नाहीत, साइड इफेक्टचा धोका वाढतो म्हणून, अंड्याची ॲलर्जी असेल तरी तेच. तेव्हा बाबांना घेऊन केंद्रावर आधी जाऊन या, त्यांची औषधं-रिपोर्ट दाखवा, आईंचं वय लिहिलं नाहीत पण त्याही साठीच्या पुढे असतील तर त्यांनाही न्या, डॉक्टर काय म्हणतात ते ऐका आणि मगच विमानाचं बघा. 'लस देता येत नाही' असं डॉक्टरचं पत्र आणलं की झालं असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, परतताना ते चालेल का हे त्याच केंद्रावर विचारा. आणि कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथल्या तिथे तपासून घ्या.

मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच फेरीत विचारा. नैरोबी उंचावर आहे, साधारण १८०० मीटर, इथे धोका कमी, पण मारामध्ये, म्हणजे मसाई मारा या सफारीच्या मुख्य पार्कमध्ये आहे, आणि मोम्बासा-दियानीकडे समुद्रावर जाणार असाल तर जास्तच. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कोणालाही ताप आला तर डॉक्टरला आफ्रिकेला गेलो होतो हे पहिल्या वाक्यात सांगा, व्हायरल असेल म्हणून घरी पडून राहू नका.

व्हिसा आता लागत नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढायचा असतो, साधारण ३० डॉलर माणशी, मुलीचा पण वेगळा. गूगलवर वर येणाऱ्या निम्म्या साइट एजंटांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात, सरकारी साइटवरूनच काढा.

आता पॅकेज. ६ दिवसांत ४ पार्क म्हणजे तुम्ही प्राणी कमी आणि ट्रकची मागची बाजू जास्त बघणार. मारा नैरोबीच्या पश्चिमेला, अंबोसेली दक्षिणेला टांझानियाच्या सीमेवर, एकातून दुसऱ्यात जायला नैरोबीतून परत जावं लागतं, आणि एकेक प्रवास पाच-सहा तासांचा. आणि मी सुरुवातीला म्हटलं ना सिंह यादीत खाली येतात, वर काय येतं तर हा रस्ता. नैरोबीहून रिफ्ट व्हॅलीचा घाट उतरून माई माहिऊ, तिथून नारोक, सगळा दोन पदरी, युगांडाकडे जाणारे ट्रक, आणि मटाटू म्हणजे इथल्या प्रवासी व्हॅन, त्या वळणावर सुद्धा ओव्हरटेक करतात. आपल्या जुन्या खंडाळा घाटाची आठवण येईल. म्हणून एजंटला एकच गोष्ट लेखी मागा की अंधार पडल्यावर गाडी चालणार नाही. सकाळी ७ ला नैरोबी सोडायचं, दुपारी कॅम्पवर जेवायला. रात्री विमान उतरलं की लगेच माराकडे निघू असं कोणी सुचवलं तर तो एजंट सोडून द्या, बाकी कितीही गोड बोलत असला तरी.

माझं मत विचाराल तर नैरोबीत एक रात्र, मारामध्ये तीन, येताना नैवाशाला दोन, बास. नैवाशाचं तळं आई-बाबांना आवडेल, पळापळ नाही, बोटीतून पाणघोडे बघता येतात (लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, बाबांनी पण). तिथून नकुरूला दिवसात जाऊन गेंडे बघून येता येतं. वेळ उरलाच तर नैरोबी नॅशनल पार्क शहराला खेटूनच आहे, ११७ चौरस किलोमीटर, जिराफाच्या मागे उंच बिल्डिंगा दिसतात, लेकीला मजा येईल.

पैशाचा मोठा भाग माराच्या एंट्रीत जातो, तो नीट समजून घ्या. जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५०. म्हणजे ऑगस्टमध्ये तुमचे चार मोठे आणि एक लेक मिळून दिवसाचे ८५० डॉलर, आणि तिकीट चालतं सकाळी ६ ते संध्याकाळी ६. आता समजा तुम्ही दुपारी ३ ला गेटवर पोचलात आणि आत शिरलात, तर तीन तासांसाठी अख्ख्या दिवसाचे ८५० गेले. त्यामुळे पहिल्या दिवशी गेटच्या बाहेरच्या कॅम्पवर आराम करा, आणि पुढचे दोन दिवस पहाटे ६ ला आत. कोटेशनमध्ये 'पार्क फी इन्क्लूडेड' एवढंच लिहिलेलं असेल तर किती दिवसांची आणि किती माणसांची ते विचारा, आमच्या ओळखीच्या एका फॅमिलीला गेटवर कळलं की एकाच दिवसाची धरली होती, बाकीची खिशातून. एजंट केएटीओ, म्हणजे केनियाच्या टूर ऑपरेटर संघटनेचा मेंबर आहे का ते त्यांच्या साइटवर बघता येतं, तेवढं नक्की बघा.

मायग्रेशनसाठी, म्हणजे वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप टांझानियातून मारामध्ये येतात त्यासाठी, ऑगस्ट ठीकच आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते म्हणून पुष्कळ लोक विचारतात, पण तेव्हा इथे मोठा पाऊस असतो, २०२४ ला एप्रिलअखेर माई माहिऊला पूर येऊन बरीच माणसं गेली आणि मारामधले कॅम्पसुद्धा पाण्यात होते. पण नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट दिसतीलच असं कोणी प्रॉमिस केलं तर हसून सोडून द्या, ते काठावर तीन-तीन तास उभे राहतात आणि मागे फिरतात, बाबांना ऊन लागलं की आधी परत फिरा.

गाडी लँड क्रूझरच घ्या, व्हॅन स्वस्त पडते पण आतल्या खड्ड्यांत पाठीचं काही खरं नाही. पाच जण म्हणजे गाडी तुमचीच, कोणाबरोबर शेअर करायची गरज नाही. पार्कमध्ये गाडीतून उतरायचं नाही, ड्रायव्हर सांगेल तिथेच, आणि हे बायकांना-म्हाताऱ्यांना बाथरूमच्या दृष्टीने अवघड जातं म्हणून सकाळी चहा बेतानेच प्या आणि ड्रायव्हरला लाज न बाळगता आधी सांगा, त्यांना सुरक्षित जागा माहीत असतात. छत उघडं असतं तेव्हा लेकीला सीटवर चढून बाहेर वाकू देऊ नका. आणि ड्रायव्हरला 'अजून जवळ घे ना भाऊ, टीप देतो' असं म्हणू नका, आपलीच माणसं हे करतात. प्राण्यापासून अंतर ठेवायचा नियम आहे, रस्ता सोडला तर दंड त्याला होतो.

माराच्या सेकेनानी गेटवर तिकीट होईपर्यंत गाडी थांबते तेव्हा मसाई बायका मण्यांच्या माळा घेऊन खिडकीशी येतात आणि काच उघडी असेल तर बांगडी सरळ मनगटात घालूनच टाकतात, मग काढून परत द्यायला जीव नको होतो. घ्यायचं नसेल तर काच बंद. तिथली माकडंही तरबेज आहेत, गेल्या वर्षी आमच्या एका पाहुण्यांची भाकरवडीची अख्खी पिशवी मांडीवरून गेली.

पिशवीवरून आठवलं, प्लास्टिकच्या कॅरीबॅग केनियात २०१७ पासून बंद आहेत, आणि पार्कमध्ये एकदा वापरून टाकायच्या बाटल्यासुद्धा. चिवडा-लाडू डब्यात भरा, कपडे कापडी पिशव्यांत. मिलिटरी छापाचे कपडे आणि ड्रोन घरीच ठेवा. स्वेटर मात्र प्रत्येकाला, आफ्रिका म्हणून लोक नुसते टी-शर्ट घेऊन येतात आणि ऑगस्टच्या पहाटे उघड्या गाडीत कुडकुडतात.

कॅम्पला बहुतेक कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून जेवायला जायचं तर टॉर्चने खूण करायची, मग अस्कारी म्हणजे वॉचमन येऊन घेऊन जातो. नैवाशाच्या हॉटेलांत तर रात्री पाणघोडे लॉनवर चरायला येतात, चरताना तो गाईसारखा शांत वाटतो पण त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कोणी आलं की संपलं. आई पहाटे उठून फिरायला जात असतील तर त्यांना हे आधी नीट सांगा, त्यांच्या सवयीचा हाच एक भाग मला काळजीचा वाटतो. बुकिंग करताना मेन बिल्डिंगच्या जवळचे तंबू मागा.

नैरोबी शहरात मुंबईइतकीच अक्कल वापरायची, थोडी जास्त. रस्त्यावर फोन हातात घेऊन उभं राहू नका, गाडीत काच खाली करून फोनवर बोलू नका, अंधारानंतर चालत नाही, उबर किंवा बोल्ट. २०२४ आणि २०२५ ला जून-जुलैमध्ये मोठी आंदोलनं झाली, तशी काही बातमी असेल त्या दिवशी सेंटरच्या भागात जायचं नाही, सफारीवर त्याचा फरक पडत नाही. सोमालियाच्या सीमेकडचा भाग तुमच्या रूटमध्ये येतच नाही.

इन्शुरन्स घेताना एअर इव्हॅक्युएशन आहे ना ते बघा, मारामधून बाबांना नैरोबीच्या हॉस्पिटलला आणायचं झालं तर विमानच लागतं. नसेल तर इथल्या ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं टुरिस्ट कव्हर ऑनलाइन मिळतं, फार महाग नाही. डॉलर नेताना नोटा नव्या मागा, २००९ च्या आधीच्या किंवा फाटक्या इथे कोणी घेत नाही आणि आपल्याकडचे मनीचेंजर नेमक्या त्याच खपवतात. प्लग चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश, ॲडॉप्टर दोन तरी घ्या.

व्हेज जेवण सगळ्या कॅम्पवर मिळतं, कांदा-लसूण नको असेल तर आधी कळवा. बाबांचं लसीचं काय ठरलं ते खाली कमेंटमध्ये लिहा, त्यावर पुढचा रूट बघू.